गावात जातिभेदाविषयी बैठक घ्यायची असेल, तर

मराठवाड्यातील गावांत जातिभेदाविषयी चर्चा घडवून आणू पाहणारे शिक्षक, कार्यकर्ते किंवा नवे सरपंच बहुधा ‘सामाजिक सलोखा’ या विषयावर व्याख्यान ठेवतात. अशा व्याख्यानाला कोणाचाच विरोध नसतो, आणि म्हणूनच त्यातून काही बदलत नाही. त्याऐवजी सार्वजनिक व्यवस्थेतील एकच ठोस प्रश्न निवडावा: उन्हाळ्यात टँकर कोठे रिकामा होतो आणि तेथे कोणाच्या घागरी शेवटी भरतात, किंवा स्मशानभूमीतील शेड कोणाला वापरता येते आणि भर पावसात कोणाला ओढ्याकाठी सरण रचावे लागते.

वेळ निवडताना ऊसतोडीचा हंगाम लक्षात ठेवावा. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील अनेक दलित व बंजारा कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यामुळे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ज्यांच्याविषयी बोलायचे, तेच गैरहजर असतात. पाण्याच्या प्रश्नासाठी १ मेची ग्रामसभा अधिक योग्य ठरते. तिच्याआधी होणारी महिलांची सभा केवळ सह्यांपुरती उरकू नये, कारण पाण्याच्या रांगेत काय घडते हे बायकांनाच ठाऊक असते.

मुख्य बैठकीपूर्वी वस्तीवर आणि तांड्यावर संध्याकाळी, लोक कामावरून परतल्यानंतर, स्वतः जाऊन ऐकावे. त्यांना कार्यालयात बोलावून घेऊ नये. याहून अवघड काम स्वतःच्या भावकीत असते. पुढारपण करणाऱ्याने आपल्याच जातीतील वडीलधाऱ्यांशी आधी बोलून त्यांचा विरोध समजून घेतला नसेल, तर तो विरोध भर सभेत उसळतो आणि त्याची झळ वस्तीला बसते.

बैठक देवळाच्या पारावर न घेता जिल्हा परिषदेच्या शाळेत घ्यावी, सर्वांना एकाच सतरंजीवर बसवावे आणि चहाचे कप वेगळे ठेवू नयेत. ज्यांना त्रास होतो त्यांनी प्रथम बोलावे आणि सरपंचांनी शेवटी. सरपंच महिला असेल तर तिच्या वतीने पतीने बोलू नये, हे सांगण्याची वेळ अजूनही येते.

बोलण्यात जुन्या जखमा निघतील. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाल्यावर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, आणि नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ज्यांच्या घरात ही आठवण जिवंत आहे, त्यांना ‘जुने कशाला उकरता’ असे म्हणून गप्प करू नये.

वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. त्यानुसार ठराव जरूर करावा. मात्र तो सहज मंजूर होतो, पाटी बदलते आणि टँकर जुन्याच जागी उभा राहतो.

मारहाण, बहिष्कार किंवा जातिवाचक अपमान घडला असेल, तर मात्र बैठक हा मार्ग नव्हे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा स्वतंत्र कायदा त्यासाठीच आहेत. अशा वेळी पीडितासोबत पोलिस ठाण्यात जावे आणि ‘गावातच मिटवू’ म्हणणाऱ्यांना स्पष्ट नकार द्यावा.

बैठकीत ठरलेली गोष्ट ग्रामसभेच्या इतिवृत्तात जागा, वेळ आणि जबाबदार व्यक्तीच्या नावासह ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) लिहून घ्यावी. पुढील ग्रामसभेत तोच ठराव सर्वप्रथम वाचून दाखवावा आणि अंमलबजावणी झाली की नाही, याचे उत्तर वस्तीतील लोकांकडूनच घ्यावे.