दम लागण्याची भीती कशी कमी करावी

जुना श्वसनविकार असलेला माणूस हळूहळू बाहेर जाणे टाळू लागतो. जिन्यात धाप लागली तर, चारचौघांत खोकल्याची उबळ आली तर, ही धास्ती दमाइतकीच छळते. ती मनाचे खेळ नव्हे. घाबरले की श्वास भराभर होतो. सीओपीडीमध्ये, म्हणजे श्वासनलिका अरुंद होणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजारात, हवा बाहेर पडायला मुळातच वेळ लागतो. घाईत ती छातीत साठत जाते आणि नवा श्वास घ्यायला जागा उरत नाही. मग दम वाढतो, भीतीही वाढते.

सुरुवात इथूनच करा. दम लागला की बसा, पुढे झुका, कोपरे मांड्यांवर टेकवा. नाकाने श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडा. घ्यायला लागला त्याच्या साधारण दुप्पट वेळ सोडायला द्या. श्वास ओढण्याची धडपड नको, सोडण्याकडे लक्ष ठेवा. हातात धरायचा छोटा पंखा चेहऱ्यासमोर धरा. नाकागालांवर गार वारा लागला की दम लागल्याची जाणीव बऱ्याच जणांना कमी होते. हा सराव बरे वाटत असतानाच रोज करा, ऐनवेळी तो सुचत नाही.

नंतर दिवस आखा. अंघोळ बसून करा, केस विंचरताना कोपर टेकवा. आणि कृपा करून सगळी ताकद घरकामात संपवू नका. आवडीच्या गोष्टीसाठी दिवसातली सगळ्यात बरी वेळ राखून ठेवा.

घरच्यांशी एक खूण ठरवा. दम लागलेल्या माणसाला बोलवत नाही, अशा वेळी "काय होतंय?" हा प्रश्नही जड होतो. त्यांनी पंखा द्यावा, शेजारी शांत बसावे.

दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, झोप उडाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. जगणे नकोसे वाटले तर त्याच दिवशी सांगा. पल्मनरी रिहॅबिलिटेशनबद्दल जरूर विचारा: देखरेखीखालचा व्यायाम आणि आजाराची समज देणारा हा कार्यक्रम बहुधा 6 ते 12 आठवड्यांचा असतो, आणि त्याने दम व चिंता दोन्ही कमी होतात. झोपेच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नका, काहींनी श्वास मंदावतो.

ओठ निळसर पडले, एक वाक्य पुरे बोलता येईना किंवा माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला, तर लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा.