पावसात बाहुल्यांवर बुरशी आली, मी काय केलं

फोंड्यात पावसाळा म्हणजे कपाटात बुरशी ठरलेलीच, आणि माझ्या काचेच्या कपाटात सावंतवाडीची लाकडी फळं, चन्नपट्टणचा घोडा, कोंडापल्लीची बैलगाडी, तंजावरची डोलणारी बाहुली असं सगळं एकत्र. यंदा बैलगाडीवर पांढरा थर दिसला. बायको म्हणाली ओल्या फडक्यानं पूस, पण कोंडापल्लीचं पोनिकी लाकूड एकदम हलकं, पाणी पितं, रंगही सुटू शकतो, आणि तंजावरची बाहुली कागदाच्या लगद्याची असली तर पाणी लागलं की संपलंच. म्हणून मास्क लावून बाल्कनीत कोरड्या मऊ ब्रशनं हळू झाडलं, घरात अजिबात नको, बुरशी सगळीकडे उडते. लाखेचा घोडा मात्र नुसत्या कोरड्या फडक्यानं चकाचक!

पण खरा इलाज हवेचा. कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीपासून सरकवलं, आत छोटा आर्द्रतामापक ठेवला, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि आकडा ६० टक्क्यांखाली आणला. जेल केशरी घ्या, निळ्यात विषारी कोबाल्ट असतं. ओलावा भरून जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येतं, फक्त त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका. चवथीपर्यंत तरी नवा डाग नव्हता.