मागावरची मुनिया आन्सीला नेताना

परदेशातल्या महोत्सवात आपल्या कामावर बोलायच्या निमंत्रणाचा मेल आला की दोन गोष्टी त्याच दिवशी बघा: तुमचं नाव कसं लिहिलंय आणि खर्च कोण करणार आहे.

मी पैठणची. आई पैठणी विणते. तिच्याच मागावर मी तीन मिनिटांची फिल्म केली. एक ओळ विणायची, फणी ठोकायची, हात बाजूला घेऊन फोटो काढायचा. सेकंदाला १२ फोटो, एकूण २,१६०. काठावरच्या १२ मुनियांचे, म्हणजे नक्षीतल्या छोट्या पक्ष्यांचे, पंख जरा जरा वेगळे विणले. त्या एकामागून एक दाखवल्या की मुनिया उडते. याच कामावर बोलायला मला फ्रान्समधल्या आन्सीला बोलावलं. तिथला अ‍ॅनिमेशन महोत्सव १९६० साली सुरू झाला. तो जूनमध्ये असतो, म्हणजे इकडे ऐन मृगात. घरी शेती असेल तर पेरणीचं कोण बघणार हे तिकीट काढण्याआधीच ठरवा.

निमंत्रणावर माझं फिल्ममध्ये येतं तसं सुटसुटीत नाव होतं, पासपोर्टवर मात्र मध्ये वडिलांचं नाव आहे. पत्र दुरुस्त होऊन यायला नऊ दिवस गेले. तारखा, भाषणाचा विषय आणि तिकीट-मुक्काम कुणाच्या खर्चानं, हे सगळं पत्रात स्पष्ट मागून घ्या. आपल्या जिल्ह्याचं आणखी एक: पासपोर्टवर औरंगाबाद, बाकी कागदांवर छत्रपती संभाजीनगर. २०२३ मध्ये नाव बदललं, असं एक वाक्य मी अर्जासोबतच्या पत्रात घातलं.

विमान जिनिव्हाला उतरतं, ते स्वित्झर्लंडमध्ये. पण मुक्काम फ्रान्समध्ये असेल तर शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज फ्रान्सकडेच करायचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निकाल साधारण १५ दिवसांत लागतो, पण ४५ दिवसही लागू शकतात, म्हणून दोन महिने हाताशी ठेवा. फी ९० युरो, व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. बोटांच्या ठशांसाठी मी मुंबईला गेले. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई. गाडीला उशीर झाला तरी चुकायला नको म्हणून वेळ दुपारची घ्या.

आता भाषण. सगळ्यात जास्त दिवस यालाच द्या. मला २० मिनिटं होती. दुभाषा प्रत्येक वाक्यानंतर बोलणार असेल तर त्यातली तुमच्या वाट्याला दहाच येतात, म्हणून मजकूर दहा मिनिटांचाच लिहा. तिल्ली (रेशीम गुंडाळलेली छोटी कांडी), आणि मुनिया, बांगडी मोर, असावली ही नक्ष्यांची नावं, या शब्दांची चित्रांसह यादी करून मी दुभाष्याला आठवडाभर आधी पाठवली. या शब्दांचं भाषांतर करू नका, असंही सांगितलं. मुनियाचा नुसता ‘पक्षी’ झाला की तिचं पैठण निघून जातं.

तालीम मी शाळेत केली, सातवीच्या पोरांसमोर. तयार फिल्म बघून ती गप्प बसली. मग फसलेले फोटो दाखवले, चोच एक ओळ खाली घसरलेली, धागा तुटलेला, तेव्हा एक पोरगी म्हणाली, “ताई, मग उसवलं का सगळं?” भाषणाची सुरुवात मी तिथूनच केली. तुमचंही फसलेलं काम आधी दाखवा, समोरचे कारागीर त्यावर लगेच बोलू लागतात.

स्लाइडवर देवनागरी असेल तर प्रत्येक स्लाइडचं चित्र करून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. व्हिडिओच्या फाइली वेगळ्या ठेवा, दोन पेनड्राइव्हवर, दोन वेगळ्या बॅगांत.

माग नेता येत नाही. मी पदराचा हातभर तुकडा, रेशीम आणि सहा तिल्ल्या नेल्या. पैठणी मागून-पुढून सारखीच दिसते. तो तुकडा मंचावर उलटा केला की तुमची पाच वाक्यं बोलायची वाचतात. महागडा कॅमेरा किंवा कापड नेणार असाल तर निघतानाच विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना वस्तू तुमचीच असल्याचा कागद हाती राहतो. पॉवर बँक जवळच्या बॅगेत, कात्री आणि कटर मोठ्या बॅगेत. आपली बारीक दोन गोल पिनांची चार्जरची पिन फ्रान्समध्ये चालते, तीन पिनांची नाही.

प्रश्नोत्तरांच्या वेळी तिल्ल्या पहिल्या रांगेत फिरवायला द्या. लोक धागा ओढून बघतात, बोटावर गुंडाळतात, आणि मग खरे प्रश्न येतात: एका मुनियेला किती तास, रंग बदलताना गाठ कुठे जाते. मला उत्तर येईना तेव्हा मी आईला फोन लावला. आपलं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असतं, ती माग आवरतच होती. तिनं सांगितलं, दुभाष्यानं पोचवलं. सभागृह सोडण्याआधी तिल्ल्या मोजून घ्या. माझ्या पाचच भरल्या. सहावी दुसऱ्या रांगेतल्या आजींच्या मुठीत होती.