कुबरनेटिसचा नवा डॅशबोर्ड आणि आपला फीडबॅक: या चुका टाळा

कुबरनेटिस म्हणजे अनेक मशीनच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, ॲप चालवणारी प्रणाली. तो क्लस्टर सांभाळायचा डॅशबोर्ड नव्या रूपात आला की सुरुवातीला त्याच त्या तक्रारी येतात: जुनाच बरा होता, सगळं स्लो झालंय, काही सापडत नाही. त्रास खरा असतो. पण एवढ्यावरून डॅशबोर्ड बनवणाऱ्यांना नेमकं काय दुरुस्त करायचं ते कळत नाही, आणि महिन्याभराने तो त्रास तिथेच असतो. दोष स्क्रीनचा आहे, क्लस्टरचा, परवानग्यांचा की फक्त हाताला लागलेल्या सवयीचा, हे आधी तपासून लिहिलं तर त्याच तक्रारीचं वजन कितीतरी वाढतं.

'स्टेटस चुकीचं दाखवतो' एवढंच लिहू नका

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पॉड म्हणजे ॲप ज्यात चालतं तो एक किंवा अनेक कंटेनरचा गट. त्याच्या फेज, म्हणजे अवस्था, पाचच: पेंडिंग, रनिंग, सक्सीडेड, फेल्ड आणि अननोन. आपण नेहमी पाहतो तो 'क्रॅशलूपबॅकऑफ' यांत नाही. कंटेनर थांबून का राहिलाय, त्याचं ते कारण आहे. कुबेक्टल (क्लस्टरला कमांड द्यायचं टर्मिनलमधलं साधन) स्टेटसच्या रकान्यात फेज आणि अशी कारणं एकत्र पाहून एक शब्द दाखवतं. नव्या डॅशबोर्डने नुसती फेज वाचली, तर पुन्हापुन्हा कोसळणारा पॉडही हिरवागार 'रनिंग' दिसेल. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून लिहा: 'कुबेक्टलमध्ये क्रॅशलूपबॅकऑफ, इथे रनिंग, आणि रीस्टार्टचा आकडा यादीत दिसतच नाही.' एवढं हातात आलं की डेव्हलपर लगेच कामाला लागू शकतो.

याच्या उलटही घडतं. नोड (क्लस्टरमधलं एक मशीन) अचानक बंद पडतो, त्यावरचे पॉड मात्र 'रनिंग'च दिसत राहतात, आणि राग डॅशबोर्डवर निघतो. वास्तविक क्लस्टरकडूनच तसं उत्तर येत असतं. नोड 'नॉट रेडी' ठरायला मिनिटभराच्या आसपास वेळ जातो, आणि त्यानंतर मूळ सेटिंगनुसार ३०० सेकंद थांबून मगच पॉड हटवायला घेतले जातात. इथे मागणी वेगळी करायला हवी: पॉडच्या ओळीतच त्याच्या नोडची अवस्था दिसू द्या. कुबेक्टल वापरणारा दोन कमांड देऊन हे जुळवून घेतो. डॅशबोर्डने ते एका नजरेत दाखवावं, ही अपेक्षा रास्तच आहे.

इव्हेंट्सचंही, म्हणजे क्लस्टरमधल्या घडामोडींच्या नोंदींचंही, तसंच. रात्रीच्या बिघाडाचे इव्हेंट सकाळी दिसत नाहीत, कारण एपीआय सर्व्हर (क्लस्टरशी होणारा सगळा व्यवहार ज्यातून जातो तो भाग) ते मूळ सेटिंगमध्ये १ तासच ठेवतो. नव्या डिझाइनने ते गायब केलेले नाहीत. मात्र तिथे नुसतं 'इव्हेंट नाहीत' लिहिलेलं असेल, तर तक्रार जरूर करा. काही घडलंच नाही आणि घडलेलं आता शिल्लक नाही, यांत बिघाड शोधणाऱ्याच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे.

बटण दिसत नाही म्हणजे काढून टाकलं, असं धरून चालू नका

आधी कुबेक्टलच्या 'ऑथ कॅन-आय' कमांडने तुम्हाला त्या नेमस्पेसमध्ये (क्लस्टरच्या त्या विभागात) ते काम करायची परवानगी आहे का, ते पाहा. काही जुने डॅशबोर्ड स्वतःच्या सर्व्हिस अकाउंटने (माणसाच्या नव्हे, प्रोग्रामच्या खात्याने), कधी कधी थेट क्लस्टर-ॲडमिनच्या अधिकाराने चालवले जात. नवा डॅशबोर्ड तुमच्या स्वतःच्या ओळखीने एपीआयशी बोलत असेल, तर काही गोष्टी न दिसणं हेच बरोबर आहे. 'लॉगिनची कटकट काढून टाका' अशी मागणी करण्याआधी २०१८ साली उघड झालेलं टेस्लाचं प्रकरण आठवा: पासवर्ड नसलेल्या कुबरनेटिस कन्सोलमधून घुसखोर आत शिरले आणि कंपनीच्या क्लाउडवर क्रिप्टोमायनिंग करू लागले. परवानगी नसताना बटण गुपचूप गायब होण्यापेक्षा ते फिकट दिसावं आणि कोणती परवानगी कमी पडतेय ते तिथेच लिहिलेलं असावं, ही सूचना मात्र मला फार मोलाची वाटते.

'स्लो आहे' म्हणण्याआधी

तीच यादी कुबेक्टलने मागवून पाहा. तीही रेंगाळली, तर दुखणं एपीआय सर्व्हरकडे किंवा नेटवर्कमध्ये आहे. ती झटकन आली, तर ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडा. कुबेक्टल मोठी यादी ५००-५०० च्या तुकड्यांत मागवतं. डॅशबोर्ड सगळ्या नेमस्पेसचं सगळं एकाच दमात ओढतोय का, ते तिथे कळेल. क्लस्टरमध्ये साधारण किती पॉड आहेत तेही लिहा, कारण छोट्या टेस्ट क्लस्टरवर हा त्रास जाणवतच नाही.

स्लो असणं आणि शिळं असणं यांतही गल्लत होते. लॅपटॉप बंद करून पुन्हा उघडल्यावर यादी जुनीच राहते आणि पान रिफ्रेश केलं की ठीक होते, असं दिसलं तर एपीआयशी जोडलेला 'वॉच', म्हणजे बदल सतत कळवत राहणारा दुवा, तुटला असण्याची शक्यता मोठी. बराच वेळ गेल्यावर एपीआय सर्व्हर जुन्या आवृत्तीपासून पुढे सांगायला नकार देतो, ४१० हा कोड पाठवतो, आणि डॅशबोर्डने यादी नव्याने मागवायची असते. तो तसं करत नसेल तर तो खरा बग आहे. कोणत्या क्रमाने काय केलं, तेवढं लिहा.

पुरावा जोडताना जपून. ब्राउझरमधून काढलेल्या एचएआर फाइलमध्ये (नेटवर्क टॅबमधल्या देवाणघेवाणीच्या नोंदीत) लॉगिनचा टोकन असू शकतो. स्क्रीनशॉटमधला सीक्रेट (पासवर्डसारखी गुप्त माहिती) बेस-६४ या लिहिण्याच्या पद्धतीत असला तरी तो कुणीही उलगडू शकतो. ते एन्क्रिप्शन नव्हे.

फीडबॅक गोळा करणाऱ्यांनी मतं मोजत बसू नये

मेनू डावीकडून वर गेला, यावर ढीगभर प्रतिक्रिया येतील. त्यातल्या बऱ्याच सवयीच्या असतात आणि हात बसला की मावळतात. त्यांना थोडा अवधी द्या. दुसरीकडे, 'डिलीटच्या खिडकीत क्लस्टरचं नाव दिसत नाही' असं एखादाच लिहितो. ते सगळ्यात आधी हाती घ्या. स्टेजिंग (चाचणीचा क्लस्टर) समजून प्रॉडक्शनमधला (खऱ्या वापरातला) नेमस्पेस उडवला, तर त्यातले पॉड, सर्व्हिस, सीक्रेट सगळं त्याच्याबरोबर जातं, आणि कुबरनेटिसमध्ये डिलीटला अनडू नाही. लाल-हिरव्या ठिपक्यांत फरक कळत नाही, असं सांगणारेही थोडेच असतात; त्यांच्यासाठी रंगाबरोबर चिन्ह किंवा शब्द द्यायलाच हवा.

आणि विचारायचंच तर बिघाड निस्तरून झाल्या झाल्या, ऑन-कॉलवर (बिघाड हाताळायच्या पाळीवर) असलेल्या माणसाला विचारा: डॅशबोर्ड सोडून टर्मिनलकडे नेमकं कधी वळलात, आणि तिथे कोणती कमांड दिली?