नव्या करारातला ‘व्यापारी’ नेमका कोण? ‘एम्पोरोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ असा शोधा

येशूने सांगितलेल्या मोत्याच्या दाखल्यातला (बोधकथेतला) व्यापारी आपण सगळे ओळखतो. पण ‘व्यापारी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गल्ल्यावर बसलेला दुकानदार येतो आणि दाखल्याचा अर्धा जोर तिथेच जातो. ग्रीक येत नसलं तरी एका संध्याकाळी ही दुरुस्ती करता येते.

आधी शब्द गाठा. क्रमांकांसह मूळ शब्द दाखवणारं कुठलंही बायबल अ‍ॅप किंवा ‘बायबलहब’सारखं संकेतस्थळ उघडा आणि मत्तय १३:४५ काढा. तिथे ‘एम्पोरोस’ दिसेल. बायबलमधल्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या कोशात त्याचा क्रमांक १७१३.

मग तो आणखी कुठे आलाय ते पाहा. यादी छोटी आहे: मत्तयात एकदा आणि नव्या करारातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, त्याच्या १८व्या अध्यायात चारदा (वचने ३, ११, १५, २३). बास. पाचही वचनं वहीत उतरवून घ्या, कारण पुढचं सगळं काम त्यांच्यावरच करायचं आहे.

आता शेजारचा शब्द शोधा. माझ्या मते ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची. ग्रीकमध्ये दुकानदाराला वेगळा शब्द होता, ‘कापेलोस’. प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये फरक स्पष्ट सांगितला आहे: बाजारात बसून खरेदी-विक्री करतो तो कापेलोस, गावोगाव फिरतो तो एम्पोरोस. कापेलोसची पत फारशी नव्हती. यशया १:२२च्या जुन्या ग्रीक भाषांतरात हेच लोक द्राक्षारसात पाणी मिसळतात. पौलही २ करिंथ २:१७मध्ये देवाच्या वचनाचा धंदा करणाऱ्यांसाठी याच शब्दाचं क्रियापद वापरतो. मत्तयाच्या दाखल्यात मात्र हा शब्द नाही. तिथे लांबचा प्रवास करून, जोखीम पत्करून मौल्यवान माल आणणारा माणूस आहे. याकोब ४:१३ वाचा: अमक्या शहरी जाऊ, तिथे वर्षभर राहू, व्यापार करू, नफा मिळवू. तिथलं क्रियापद ‘एम्पोरोस’च्याच कुळातलं आहे आणि या माणसाचा अख्खा दिनक्रम त्या एका वाक्यात आला आहे.

त्याच्या वाटा आपल्या दारावरूनही जात. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत आपल्या कल्याणला ‘एम्पोरिऑन’, म्हणजे व्यापारी पेठ, म्हटलं आहे. सोपारा, पैठण आणि तेर यांचीही नावं तिथे येतात. दक्षिणेकडच्या मोत्यांची नोंदही त्याच पुस्तिकेत आहे.

एक सावधगिरी बाळगा. होमरच्या काव्यात ‘एम्पोरोस’ म्हणजे दुसऱ्याच्या जहाजातून जाणारा उतारू. हा जुना अर्थ वाचून ‘व्यापारी म्हणजे जीवनाचा यात्रेकरू’ असं प्रवचन रचू नका. मत्तयाच्या काळापर्यंत शब्द व्यापारात पक्का रुळला होता. शब्दाचा अर्थ तो ज्या वाक्यात आलाय त्या वाक्याला विचारावा, व्युत्पत्तीला नव्हे.

म्हणून शेवटी पाचही वचनं शेजारी ठेवून सावकाश वाचा. मत्तयात आदल्या वचनातल्या माणसाला शेतातली ठेव सापडते. हा मात्र मोती शोधतच निघालेला आहे. एक मोती दिसतो आणि तो आपलं असेल-नसेल ते विकून टाकतो. फिरत्या व्यापाऱ्याचा धंदा भांडवल फिरवण्यावर चालतो. याने सगळं भांडवल एका मोत्यात घातलं आणि तो मोती पुढे विकल्याचा उल्लेखच नाही.

प्रकटीकरणात तोच शब्द, आणि मालाच्या यादीत मोतीसुद्धा आहेत! सोनं, रुपं, रेशीम, दालचिनी, गहू, घोडे, रथ… आणि यादीच्या अगदी शेवटी माणसांचे जीव. मागे यहेज्केल २७ उघडा. सोर नगरीवरच्या त्या विलापात माणसांचा व्यापार आहे आणि ग्रीक भाषांतरात एम्पोरोसही. प्रकटीकरणातली ‘मोठी बाबेल’ नगरी पडते तेव्हा हे व्यापारी रडतात ते आता आपला माल कोणी घेत नाही म्हणून. शब्दाला स्वतःचा असा चांगला-वाईट रंग नाही. मत्तयातला माणूस एका मोत्यासाठी सगळं देऊन टाकतो, बाबेलचे व्यापारी माणसंही विकतात, आणि दोघांचं नाव एकच.

बायबल अभ्यासाच्या वर्गात हा शब्द समजावताना ‘परमुलखात फिरून मोठा माल घेणारा व्यापारी’ एवढं सांगा आणि लगेच वचन वाचायला घ्या.