वायरलेस ट्रान्समीटर: आधी टेबलावर, मग टाकीवर

बडोद्यात इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून मकरपुरा किंवा नंदेसरीच्या कारखान्यांकडे नोकरीला लागलेल्या पोरांच्या हातात हल्ली लवकरच वायरलेस ट्रान्समीटर येतो, म्हणजे तापमानासारखं रीडिंग बिनतारी पाठवणारं उपकरण. केबल ओढायची नाही, म्हणजे काम सोपं, असं वाटतं. सोपं आहेच, फक्त ते टाकीवर चढून करायचं नसतं. शिवाय ज्वालाग्राही वायूच्या झोनमध्ये साधा लॅपटॉप न्यायला परवानगी नसते. त्यामुळे सेटिंग वर्कशॉपच्या टेबलावर, साइटवर फक्त बसवणं.

मी बोलतोय ते वायरलेसहार्टबद्दल, म्हणजे अशा ट्रान्समीटरांच्या बिनतारी जाळ्याच्या एका पद्धतीबद्दल. त्याचं स्टँडर्ड आयईसी ६२५९१. पट्टा वायफायचाच, २.४ गिगाहर्ट्झ, पण हे १५ चॅनेलांवर आलटून पालटून चालतं आणि प्रत्येक ट्रान्समीटर शेजारच्याचा डेटाही पुढे ढकलतो.

सुरुवात गेटवेपासून, म्हणजे सगळ्या ट्रान्समीटरांचा डेटा गोळा करणाऱ्या पेटीपासून. लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि त्याला गेटवेच्याच सबनेटमधला (म्हणजे नेटवर्कच्या त्याच भागातला) स्थिर आयपी पत्ता द्या. गेटवे १९२.१६८.१.१० वर असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.१.१२ चालेल. गेटवेच्या सेटिंगमध्ये शिरलात की आधी पासवर्ड बदला, मग प्लांटच्या आयटीवाल्यांकडून घेतलेला पत्ता घाला. दोन गेटवे कंपनीतून आलेल्या एकाच पत्त्यावर लावून ठेवले की भांडण ठरलेलं. दोघांचे नेटवर्क आयडीही वेगळे हवेत.

आता खरी मेख, जॉइन की, म्हणजे ट्रान्समीटरला नेटवर्कमध्ये शिरू देणारी गुप्त किल्ली. १२८ बिट, म्हणजे ३२ हेक्साडेसिमल अक्षरं, आठ-आठच्या चार गटांत. ट्रान्समीटरमध्ये एकदा भरली की ती परत वाचून बघता येत नाही. गेटवेला जोडला जात नसेल तर 'की बरोबर आहे ना?' याचं उत्तर कुणालाच देता येत नाही, पुन्हा भरणं हाच उपाय. म्हणून एकाने वाचायची, दुसऱ्याने हँडहेल्डवर (ट्रान्समीटर सेट करायच्या हातातल्या यंत्रावर) टाइप करायची. कंप्रेसरच्या आवाजात बी, डी आणि ई सारखेच ऐकू येतात. आमच्याकडे 'बी बडोद्याचा, डी दांडिया बाजारचा' असं ओरडून चालतं. आणि कृपा करून त्या कीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ती कुलपाची किल्ली आहे, टॅग नंबर नव्हे.

लाँग टॅग, म्हणजे उपकरणाचं नाव, ३२ अक्षरांचा असतो, तो पी अँड आयडीवर (प्लांटच्या पाइप-उपकरणांच्या नकाशावर) आहे तसाच घाला. नाहीतर गेटवेच्या यादीत कोण कुठला, ते कळत नाही.

अपडेट रेटवर, म्हणजे रीडिंग किती वेळाने पाठवायचं यावर, ऑपरेटरशी हुज्जत होते. त्यांना सगळंच दर सेकंदाला हवं असतं. साठवण टाकीचं तापमान सेकंदाला बदलत नाही, मिनिटाला एकदा पुष्कळ झालं. रेट जितका जलद, तितकी बॅटरी लवकर संपते, आणि तो लिथियमचा पॅक काही स्वस्त नसतो.

साइटवर गेलात की हेल्पर विचारणारच, "भाई, बेटरी नाखी दऊं?" (बॅटरी घालून टाकू?) गेटवे चालू झाल्यावरच, आणि जवळच्या ट्रान्समीटरपासून लांबच्याकडे, असा क्रम ठेवा, लांबच्याला वाट जवळच्यातूनच मिळते. अँटेना उभी, भिंतीपासून किंवा टाकीच्या पत्र्यापासून साधारण मीटरभर दूर. नियोजन करताना दाट पाइपिंगमध्ये ३० मीटर धरतात, समोरासमोर मोकळं असेल तर २३० पर्यंत. प्रत्येकाला निदान तीन शेजारी दिसले पाहिजेत.

डिस्प्लेवर आधी शोध चालल्याचं दिसतं, मग बोलणी, मग ओके. याला कधी काही मिनिटं, कधी जास्त वेळ लागतो. त्यात घाई करून बॅटरी काढली की पहिल्यापासून सुरू. शेवटी गेटवेच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप काढून टॅगच्या यादीसोबत प्लांटच्या इन्स्ट्रुमेंट इंजिनिअरच्या हाती सही घेऊन द्या.