पोकेमॉनचे टियर आणि फॅन फॉरमॅट : या चुका टाळा

पोकेमॉनच्या ऑनलाइन खेळात लागोपाठ चार लढाया हरलो की आपण आधी मूव्ह बदलतो, मग आयटम, मग पोकेमॉनच बदलतो. फॉरमॅटचे (खेळाच्या त्या प्रकाराचे) नियम मात्र पुन्हा उघडून बघत नाही. नवख्यांच्या टीम बघून माझं मत पक्कं झालं आहे : त्यांचे बरेचसे पराभव टीमबिल्डरमध्येच (टीम बांधायच्या पानावरच) ठरलेले असतात. टीम एका फॉरमॅटच्या हिशेबानं बांधलेली असते आणि उतरवलेली असते दुसऱ्यात.

टियर म्हणजे ताकदीची गुणपत्रिका नव्हे

ही सगळ्यात जुनी चूक, आणि बाकीच्या अनेक चुका हिच्यातून निघतात. टियर म्हणजे पोकेमॉनचे गट : ओयू म्हणजे ओव्हरयूज्ड, यूयू म्हणजे अंडरयूज्ड. नावातच वापर आहे. स्मोगन या चाहत्यांच्या संकेतस्थळाच्या पद्धतीत पोकेमॉन ओयूत धरला जायला ४.५२ टक्के वापर लागतो. हा आकडा हवेतून आलेला नाही. इतका वापर असला की १५ लढायांत तो पोकेमॉन एकदा तरी समोर येण्याची शक्यता बरोबर निम्मी होते. पूर्वी हाच हिशेब २० लढायांवर करत, तेव्हा हद्द ३.४१ टक्के होती. मोजताना वरच्या रेटिंगच्या लढायांना जास्त वजन दिलं जातं.

म्हणून यूयूतला पोकेमॉन ओयूत खेळवायला कसलीच आडकाठी नाही. खालचा वर जाऊ शकतो, वरचा खाली येऊ शकत नाही. तुमच्या टीमला नेमकी एखाद्या एनयू (नेव्हरयूज्ड, यूयूच्याही खालचा टियर) पोकेमॉनची गरज असेल तर तो बेलाशक घ्या. ‘टियर खालचा आहे’ म्हणून त्याच्या जागी ओयूतला न जुळणारा पोकेमॉन कोंबला, की टीमचा तोल तिथेच जातो.

वापरापेक्षा ताकद बघून ठरणारी गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे बॅन. यूयूबीएल या यूयूच्या बॅनच्या यादीत असे पोकेमॉन असतात जे ओयूत पुरेसे वापरले जात नाहीत, पण यूयूत सोडले तर तिथला खेळ मोडतात. यूयूची टीम नाकारली गेली आणि कारण कळेना, तर आधी ही यादी बघा. उबर्स ही मुळात ओयूच्या बॅनची यादी, पण तो खेळायचा टियरसुद्धा आहे. सहाव्या पिढीत, म्हणजे मूळ गेमच्या सहाव्या संचात, मेगा रेक्वाझा उबर्सलाही आवरेना, तेव्हा त्याच्यासाठी एनीथिंग गोज हा त्याहून वरचा टियर काढावा लागला.

व्हीजीसीची टीम तशीच ओयूत उतरवणं

व्हीजीसी हा स्पर्धांचा अधिकृत फॉरमॅट : डबल्स (एका वेळी दोन-दोन), सहांतले चार निवडायचे, सगळे लेव्हल ५० वर. ओयू चाहत्यांनी घडवलेला : सिंगल्स (एकास एक), सहाही पोकेमॉन, लेव्हल १००. शोडाउन या ऑनलाइन सिम्युलेटरवर व्हीजीसीची टीम इंपोर्ट करून ओयूच्या लॅडरवर (रेटिंगच्या लढायांत) गेलात, तर ‘लेव्हल ५०’ ही ओळ टीममध्ये तशीच राहते. सिम्युलेटर अडवत नाही, कारण कमी लेव्हल बेकायदा नाही. मग समोरच्याचा साधा हल्ला आपल्याला एका फटक्यात झोपवतो आणि आपण टाइप चार्ट बघत बसतो.

फरक किती पडतो ते बघा. एचपीचा (जीवाचा) बेस म्हणजे जन्मजात आकडा १०० असलेल्या पोकेमॉनला ईव्ही (स्टॅट वाढवायला वाटायचे गुण) न घालता लेव्हल १०० वर ३४१ एचपी मिळतात, लेव्हल ५० वर १७५. त्यात डॅमेजच्या सूत्रात लेव्हल थेट येते : १०० ला तो गुणक ४२, ५० ला २२. म्हणजे जीव निम्मा, मारही निम्म्याजवळ. पहिल्याच टर्नला सगळं विचित्र वाटलं, तर सर्वांत आधी लेव्हल तपासा.

लेव्हल सुधारली तरी सेट डबल्सचेच राहतात. समोरचे हल्ले स्वतःवर ओढणारी फॉलो मी ही मूव्ह सिंगल्समध्ये निरुपयोगी, कारण वाचवायला शेजारी कुणी नसतो. प्रत्येकाला प्रोटेक्ट (एका टर्नपुरता बचाव) देण्यातही अर्थ नाही. उलट डबल्समध्ये क्वचित दिसणारा स्टेल्थ रॉक (समोरच्या बाजूला टोकदार दगड पेरणारी मूव्ह) इथे खेळाचा कणा आहे : सहा पोकेमॉन, सतत अदलाबदल, आणि आत येताना दरवेळी साधारण पोकेमॉनचे १२.५ टक्के एचपी जातात. फायर-फ्लाइंग चॅरिझार्डचे तर ५० टक्के. त्यावर उतारा म्हणून हेवी-ड्यूटी बूट्स हा आयटम आहे. व्हीजीसीत एकच आयटम दोघांना देता येत नाही, ओयूत असा क्लॉज (नियम) नाही. गरज असेल तर चौघांना बूट्स द्या. ही मोकळीक हातात असून न वापरणारे मी फार बघतो, आणि दरवेळी हळहळ वाटते.

टीम नाकारली गेली तर

लाल संदेश आला की बरेच जण तो न वाचता पोकेमॉन बदलायला घेतात. संदेशात नेमकं कारण लिहिलेलं असतं. अनेकदा पोकेमॉनला परवानगी असते, अडचण त्याच्या मूव्हची, अॅबिलिटीची (अंगभूत गुणाची) किंवा आयटमची असते. नवव्या पिढीच्या ओयूत शेड टेल, लास्ट रिस्पेक्ट्स आणि बॅटन पास या मूव्ह, शॅडो टॅग, अरीना ट्रॅप आणि मूडी या अॅबिलिटी, शिवाय किंग्ज रॉक हा आयटम बंद आहे. तेवढी एक गोष्ट बदलली की टीम चालते.

झोपेबद्दल वेगळं सांगायला हवं. वर्षानुवर्षं स्लीप क्लॉज असा होता की समोरच्याचा एका वेळी एकच पोकेमॉन झोपवायचा. २०२४ मध्ये चालू पिढीच्या ओयूत झोपवणाऱ्या मूव्हच बंद झाल्या. जुनी टीम स्पोअर या झोपवणाऱ्या मूव्हसकट उचललीत तर ती इथेच अडकेल. व्हीजीसीत असा क्लॉजच नाही, तिथे दोघांनाही झोपवता येतं, म्हणून तिकडे जाताना बचाव आधी ठरवून ठेवा.

जुन्या पिढीत नव्या सवयी

पॅरालिसिसनं सहाव्या पिढीपर्यंत वेग पाव व्हायचा, सातव्यापासून निम्मा होतो. नॉक ऑफ या मूव्हची ताकद पाचव्या पिढीपर्यंत फक्त २० होती. चौथ्या पिढीत आणि त्याआधी टीम प्रिव्ह्यूच (लढाईआधी समोरची टीम दिसणं) नव्हता, त्यामुळे पहिला पोकेमॉन कोण पाठवायचा हा निर्णय फार जड असायचा. जुन्या पिढीचा लॅडर खेळायचा तर टीमही त्याच पिढीची नमुना टीम बघून बांधा.

लिटल कपमध्ये २५२

लिटल कप हा उत्क्रांत न झालेल्या छोट्या पोकेमॉनचा फॉरमॅट लेव्हल ५ वर खेळतात, आणि तिथे २५२ ईव्ही भरण्याची सवय नुकसान करते. या लेव्हलला एक अंक वाढायला ८० ईव्ही लागतात, आणि पहिला अंक कुठे मिळेल हे बेस स्टॅटवर ठरतं. मिएनफूचा वेगाचा बेस ६५. त्याला २३६ ईव्ही दिले तरी वेग १६, २५२ दिले तरी १६. वेग वाढवणारा नेचर (स्वभाव) असेल तर दोन्ही वेळा १७. म्हणजे १६ ईव्ही वाया. इथे एकेका अंकावर कोण आधी हलणार ते ठरतं, म्हणून कॅल्क्युलेटर उघडा ठेवूनच ईव्ही वाटा.

वन-व्ही-वनमधली चूक याच जातीची. तीन आणायचे, एकच लढतो. बदल होतच नाही, तरी लोक स्टेल्थ रॉक आणि यू-टर्न (मारून पोकेमॉन बदलायची मूव्ह) ठेवतात.

स्वतःचा फॉरमॅट काढताना

मित्रांसाठी नवा फॉरमॅट काढणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक आहे. ऑलमोस्ट एनी अॅबिलिटी (जवळपास कुठलीही अॅबिलिटी) आणि स्टॅबमॉन्स (पोकेमॉनला त्याच्या टाइपच्या मूव्ह) यांसारखे सुंदर फॉरमॅट चाहत्यांच्याच डोक्यातून आले. चूक होते ती सगळं मोकळं सोडण्यात. पाचव्या पिढीपर्यंत घोस्ट-डार्क स्पिरिटूम्बला एकही कमजोरी नव्हती. त्याला वंडर गार्ड ही फक्त कमजोरीचेच हल्ले लागू देणारी अॅबिलिटी मिळाली तर थेट हल्ल्यानं तो पडणंच अवघड. म्हणून ‘कुठलीही अॅबिलिटी’ म्हणणाऱ्या फॉरमॅटलाही बंद अॅबिलिटींची यादी ठेवावी लागते.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे एका पराभवानंतर लगेच बॅन. स्मोगनवर सस्पेक्ट टेस्टमध्ये (बॅन करायचा का याच्या मतदानात) आधी लॅडरवर ठरलेली पात्रता मिळवावी लागते, मगच मत देता येतं, आणि बॅनसाठी ६० टक्के मतं लागतात. आठव्या पिढीत डायनामॅक्स (पोकेमॉन अवाढव्य करणं) ओयूतून गेला, नवव्या पिढीत टेरास्टलायझेशन (लढाईत टाइप बदलणं) मतदानाला जाऊनही टिकलं. चार मित्रांच्या गटात इतका सोपस्कार नको, पण बॅन मागणाऱ्यानं तो पोकेमॉन स्वतः दहा लढायांत खेळवून दाखवावा, एवढा नियम जरूर ठेवा. आणि शक्यतो बॅन एकाच गोष्टीवर ठेवा. पाचव्या पिढीत पाऊस आणणारी ड्रिझल आणि पावसात वेग वाढवणारी स्विफ्ट स्विम या अॅबिलिटी एकाच टीममध्ये नको, असा जोडीचा बॅन होता. तो चालला, पण अशा जोड्यांची यादी लांबली की नवा खेळाडू नियम वाचतानाच थकतो.